हनुवटी टेका, दिव्याकडे बघा

लेसरने चष्म्याचा नंबर घालवायला गेलेल्या माणसाला पहिल्या भेटीत लेसर दिसतच नाही. दिसतात ती मोजमापाची यंत्रं, एकामागून एक. हनुवटी इथे टेका, कपाळ पट्टीला लावा, समोरच्या दिव्याकडे बघा, पापणी हलवू नका. मग डोळ्यांत थेंब, तासाभराची वाट, पुन्हा तपासणी आणि संध्याकाळपर्यंत धूसर दिसणारं जग. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याला तर अनेकदा परतच पाठवतात. मऊ लेन्स असतील तर एक-दोन आठवडे, कडक असतील तर तीन-चार आठवडे त्या काढून ठेवा आणि मग या, असं सांगतात. त्यात प्रश्नांची यादी लांबलचक. नंबर कधीपासून तोच आहे? डोळे चोळायची सवय आहे का? संधिवात, मधुमेह? मुरुमांच्या गोळ्या चालू आहेत का? दिवस गेलेले आहेत का, बाळ अंगावर पितं का?

लग्न ठरलंय किंवा भरतीची तारीख जवळ आलीय म्हणून घाईने आलेल्या मुलामुलींना हे सगळं वेळकाढूपणाचं वाटतं. पण या तपासणीमागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. तिथला जवळजवळ प्रत्येक प्रश्न आधी कुणाच्या तरी डोळ्याला सोसावं लागलं म्हणून यादीत आला आहे.

डोळ्याच्या पुढच्या बाजूला घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक, घुमटाकार पडदा असतो. मराठीत त्याला पारपटल म्हणतात. दवाखान्यात सगळे कॉर्नियाच म्हणतात. मधोमध त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. प्रकाश वळवण्याचं डोळ्याचं दोन तृतीयांश काम हा पडदा करतो, उरलेलं आतलं नैसर्गिक भिंग. डोळा मागेपुढे जास्त लांब असला की प्रतिमा डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या अलीकडेच तयार होते, लांबचं अंधुक दिसतं आणि मायनस नंबर लागतो. डोळ्याची लांबी काही कमी करता येत नाही. मग पुढचा घुमट थोडा सपाट केला तर? सगळी गोष्ट या एका विचारातून निघाली.

हॉलंडच्या लान्स यांनी १८९८ मध्ये सशांच्या डोळ्यांवर छेद देऊन कॉर्नियाची वक्रता बदलता येते, हे दाखवलं. माणसाच्या डोळ्यावर हा विचार खऱ्या अर्थाने उतरवला तो जपानच्या त्सुतोमु सातो यांनी. कॉर्निया पुढे शंकूसारखा निघत जाण्याचा एक आजार असतो, त्याला केरॅटोकोनस म्हणतात. अशा काही रुग्णांत आतला पापुद्रा फाटतो आणि तो भरून आल्यावर घुमट आपोआप सपाट झालेला दिसतो. सातोंनी हे टिपलं. निसर्ग जे अपघाताने करतो ते सुरीने मुद्दाम करावं, अशा तर्काने त्यांनी कॉर्नियाला बाहेरून आणि आतूनही चाकाच्या आऱ्यांसारखे छेद द्यायला सुरुवात केली. नंबर कमी झाले. १९४० आणि ५०च्या दशकांत शेकडो डोळ्यांवर ही शस्त्रक्रिया झाली.

मग दहा-वीस वर्षं गेली आणि ते डोळे पांढुरके पडू लागले. कॉर्नियाच्या आतल्या बाजूला पेशींचा एक इवलासा थर असतो. रात्रंदिवस पाणी बाहेर उपसून तो कॉर्निया कोरडा आणि पारदर्शक ठेवतो. माणसात या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. सातोंच्या काळात या थराचं महत्त्व वैद्यकाला माहीत नव्हतं. आतून दिलेल्या छेदांनी तो कायमचा विस्कटला, कॉर्निया सुजला, त्यावर फोड आले. सातो बेफिकीर नव्हते, त्यांच्या हाताशी ज्ञानच तोकडं होतं. पण ज्यांची नजर गेली त्यांना या भेदाचा काही उपयोग नव्हता. आज डोळ्याच्या आतल्या पेशी मोजणारं यंत्र दवाखान्यात असतं, आणि आत वेगळी लेन्स बसवायची असेल तर ती मोजणी केल्याशिवाय डॉक्टर पुढे जात नाहीत.

पुढचा अंक मॉस्कोतला. स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांच्याकडे १९७४ मध्ये एक मुलगा आला होता, अशी गोष्ट सांगितली जाते. मारामारीत चष्मा फुटून काच डोळ्यात गेलेली. जखम भरल्यावर त्याचा नंबर आधीपेक्षा कमी झालेला निघाला. फ्योदोरोवनी सातोंची चूक टाळली. छेद फक्त बाहेरून द्यायचे, मधला भाग सोडून, आतल्या थराला धक्का न लावता. ही रेडियल केरॅटॉटॉमी. मॉस्कोच्या त्यांच्या संस्थेत रुग्ण सरकत्या पलंगांवर झोपलेले असत आणि प्रत्येक सर्जन ठरलेली एकच पायरी करून रुग्ण पुढच्याकडे पाठवत असे. मोटारीच्या कारखान्यातली पद्धत डोळ्यांच्या शस्त्रक्रियेला लावलेली पाहून जगभरचे डॉक्टर थक्क झाले.

अमेरिकेत ही पद्धत १९७८ मध्ये पोचली आणि झपाट्याने पसरली. सुदैवाने तिथे कुणीतरी हिशेब ठेवायचं ठरवलं. सरकारी निधीतून, अनेक केंद्रांवर, ठरावीक पद्धतीने शस्त्रक्रिया करून त्या डोळ्यांचा दहा वर्षं पाठपुरावा केला गेला. १९९४ मध्ये निकाल आला. बहुतेकांना चष्म्याविना बरं दिसत होतं, पण ४३ टक्के डोळ्यांत नंबर एक डायॉप्टर, म्हणजे चष्म्याचा पूर्ण एक नंबर, किंवा त्याहून जास्त प्लसकडे सरकला होता. छेद दिलेला घुमट वर्षानुवर्षं हळूहळू सपाट होतच राहिला होता. ‘सहा महिन्यांत नंबर गेला’ या वाक्याला किती वजन द्यायचं, हे या अभ्यासाने शिकवलं.

छेद दिलेल्या कॉर्नियाच्या या अस्थिरतेचं सगळ्यात भेदक उदाहरण एव्हरेस्टवर घडलं. टेक्ससचे डॉक्टर बेक वेदर्स १० मे १९९६ रोजी शिखराच्या वाटेवर असताना त्यांना दिसेनासं झालं. त्यांच्या डोळ्यांवर रेडियल केरॅटॉटॉमी झालेली होती. विरळ हवेत प्राणवायू कमी पडला की छेदांच्या जागी कॉर्निया सुजतो आणि घुमटाचा आकारच बदलतो. वेदर्स वाटेतच थांबले, वादळात सापडले, मेले म्हणून मागे सोडले गेले, आणि तरीही स्वतःच्या पायांनी छावणीवर परतले. हिमदंशाने त्यांचा उजवा हात कोपराखाली गेला, नाकही गेलं. त्याच सुमारास अमेरिकेतल्या पाइक्स पीकवर, चौदा हजार फुटांवर, लष्करी डॉक्टरांनी मापं घेतली. छेद दिलेल्या डोळ्यांचा नंबर तिथे बदलला, लेसरने घासलेल्या डोळ्यांचा बदलला नाही. भारतीय हवाई दलाच्या वैद्यकीय निकषांत रेडियल केरॅटॉटॉमी झालेला उमेदवार अपात्र ठरतो, त्यामागे हेच दुबळं झालेलं पारपटल आहे. लेसरला वय, शस्त्रक्रियेनंतर गेलेले महिने, उरलेली जाडी अशा अटी घालून वाट ठेवलेली आहे. खडकवासल्याच्या किंवा डुंडिगलच्या लष्करी प्रबोधिनीची स्वप्नं पाहणाऱ्या मुलाने आधी त्या शाखेची चालू अधिसूचना वाचावी, मग डोळ्यांच्या दवाखान्याची पायरी चढावी. उलट क्रमाने गेलेल्याची वाट कायमची बंद होऊ शकते.

सुरीच्या या गोष्टीला समांतर दुसरी एक गोष्ट कोलंबियात चालू होती. बार्सिलोनात जन्मलेले होसे इग्नासियो बाराकेर बोगोटात स्थायिक झाले होते. छेद देण्यापेक्षा कॉर्निया कोरावा, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी कॉर्नियाची वरची चकती पातळ कापून काढली, ती गोठवली आणि कातारी लाकूड कातून भोवरा करतो तशी छोट्या लेथवर कातून पुन्हा डोळ्यावर शिवली. काम विलक्षण अवघड. गोठवण्याने पेशी मरत, चकती खडबडीत होई, सुधारायला वेळ लागे. पण कल्पना पक्की होती. एक कमी होतं, ऊतकाला न भाजता कणाकणाने कातणारं हत्यार.

ते सापडलं एका मद्रासी माणसाच्या डब्यातून, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. रंगस्वामी श्रीनिवासन मद्रासला शिकून अमेरिकेत गेलेले रसायनशास्त्रज्ञ. न्यूयॉर्क राज्यातल्या यॉर्कटाउन हाइट्स इथे आयबीएमच्या संशोधन केंद्रात ते अतिनील प्रकाशाचा प्लॅस्टिकवर होणारा परिणाम अभ्यासत होते. केंद्राने नुकताच एक एक्सायमर लेसर घेतला होता. आर्गॉन आणि फ्लोरिन या वायूंपासून निघणारा, १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाश. सॅम्युअल ब्लम, जेम्स विन आणि श्रीनिवासन यांना हा प्रकाश सजीवाच्या ऊतकावर काय करतो ते पाहायचं होतं. २७ नोव्हेंबर १९८१, थँक्सगिव्हिंगच्या मेजवानीचा दुसरा दिवस. श्रीनिवासन घरून उरलेल्या टर्कीचं हाड आणि कूर्चा घेऊन आले आणि लेसरखाली धरलं. हाडात नेटका चर पडला. कडा स्वच्छ, जळल्याची खूण नाही. हिरव्या लेसरने त्याच टर्कीवर तसाच प्रयोग केला तेव्हा भाजून काळं पडलं.

फरक का? अतिनील प्रकाशाच्या एका कणात रेणूंमधले बंध थेट तोडण्याइतकी ऊर्जा असते. ऊतकाचा पातळ थर वाफ होऊन उडून जातो आणि उष्णता शेजारी पसरायच्या आत सगळं संपलेलं असतं. एका स्पंदात मिलिमीटरचा सुमारे चार हजारावा भाग निघतो. माणसाच्या एका केसात याच लेसरने कोरलेल्या चौकोनी खाचांचं छायाचित्र पुढे जगभर गाजलं. कोलंबिया विद्यापीठातले नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी हे पाहिलं आणि श्रीनिवासन यांच्याबरोबर १९८३ मध्ये कॉर्नियावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. तिघा आयबीएम शास्त्रज्ञांना २०१३ मध्ये अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळालं. भारतात रोज इतक्या डोळ्यांवर हा प्रकाश पडतो, पण तो वापरात आणणाऱ्यांत एक जण मद्रासचा होता, हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं.

दिसणाऱ्या डोळ्यावर नंबर घालवण्यासाठी लेसर पहिल्यांदा चालला तो १९८८ मध्ये, मार्गरिट मॅकडोनाल्ड यांच्या हातून, न्यू ऑर्लिन्समध्ये. कर्करोगामुळे जिचा डोळा काढूनच टाकायचा होता अशा एका स्त्रीने त्याआधी तो डोळा प्रयोगासाठी देऊ केला. तिला स्वतःला यातून काहीच मिळणार नव्हतं. या इतिहासात सर्जनांची नावं मोठ्या अक्षरांत लिहिली जातात. त्यांच्या बरोबरीने या बाईंची आठवण राहायला हवी.

या पद्धतीला पीआरके म्हणतात. वरची साल खरवडून लेसर थेट पृष्ठभागावर फिरवायचा. परिणाम चांगले, पण तीन-चार दिवस डोळ्यात मिरची गेल्यासारखी आग आणि नजर स्थिरावायला आठवडे. क्रीट बेटावरच्या इओआनिस पालिकारिस यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस बाराकेर यांची चकती आणि आयबीएमचा लेसर एकत्र आणले. चकती पूर्ण कापायची नाही. वहीचं पान उलटावं तशी एका बाजूने जोडलेली ठेवून बाजूला करायची, खाली लेसर फिरवायचा आणि पान परत मिटायचं. हे लॅसिक. इराणमध्ये जन्मलेले घोलाम पेमन यांनी अशाच पद्धतीचं अमेरिकी पेटंट १९८९ मध्ये मिळवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्पष्ट दिसू लागतं, दुखत नाही, म्हणून लोकांनी लॅसिकला डोक्यावर घेतलं.

त्यातून नवे धडे मिळाले. बर्लिनमध्ये मानवी डोळ्यावर हा लेसर सर्वांत आधी वापरणाऱ्यांपैकी एक असलेल्या थिओ झायलर यांनीच १९९८ मध्ये इशारा दिला की लॅसिकनंतर काही कॉर्निया दुबळे पडून पुढे फुगत आहेत. म्हणजे केरॅटोकोनससारखा आजार हातानेच लावून घेतल्यासारखं. इथे हिशेब उघड होतो. सहा मिलिमीटर रुंदीच्या भागावर एका नंबरामागे सुमारे १२ मायक्रॉन ऊतक जातं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. उणे सहा नंबर म्हणजे ७२ मायक्रॉन, जवळपास एका केसाची जाडी. वरचं पान ११० मायक्रॉनचं. कॉर्निया ५४० मायक्रॉनचा असेल तर खाली ३५८ उरतात आणि डॉक्टर निश्चिंत असतो. पण कॉर्निया ४८० चा आणि नंबर उणे नऊ असेल, तर खाली उरतात २६२. निदान २५० तरी उरावेत असा जुना दंडक आहे, बरेच सर्जन आता ३०० मागतात. अशा वेळी ‘तुम्हाला लेसर करता येणार नाही’ हे वाक्य ऐकून खट्टू झालेला माणूस दुसऱ्या दवाखान्यात होकार शोधत फिरतो. खरं तर पहिल्याच डॉक्टरने त्याच्यावर उपकार केलेले असतात.

जाडीपेक्षाही महत्त्वाचा आहे आकार. कॉर्नियाचा नकाशा काढणारं यंत्र शंकूची सुरुवात साध्या तपासणीत कळण्याच्या आधी पकडतं. म्हणून डोळे चोळण्याबद्दल विचारतात, घरात कुणाला हा आजार आहे का विचारतात, म्हणूनच कॉन्टॅक्ट लेन्स काढून यायला सांगतात. लेन्सच्या दाबाने बदललेला आकार मोजला तर नकाशाच खोटा निघतो. महाराष्ट्राला हा मुद्दा फार जवळचा आहे. नागपूरच्या परिसरातल्या खेड्यांत तिशीपुढच्या हजारो लोकांचे डोळे तपासणाऱ्या ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ने २००९ मध्ये लिहिलं की ४८ डायॉप्टरपेक्षा जास्त वक्रता ही खूण धरली तर २.३ टक्के लोकांत केरॅटोकोनस आढळतो. ही खूण ढोबळ आहे, तिच्यात न बसणाऱ्याही गोष्टी येत असतील. तरी शंभरात दोनाहून जास्त हा आकडा पाहिल्यावर नकाशा न काढता लेसर करणाऱ्या दवाखान्यात कुणी पाऊल ठेवू नये.

लॅसिकचं पान मिटतं, पण पूर्वीच्या ताकदीने कधीच जुळत नाही. जोराचा फटका बसून शस्त्रक्रियेनंतर अनेक वर्षांनी ते सरकल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. कुस्ती, कबड्डी, मुष्टियुद्ध खेळणाऱ्याला डॉक्टर आजही आगीचे तीन दिवस सोसून पीआरके घ्यायला सांगतात ते याचसाठी. पान कापताना कॉर्नियातल्या नसाही कापल्या जातात. डोळा कोरडा पडल्याचा निरोप अश्रूग्रंथीपर्यंत नीट पोचत नाही, आणि काही महिने, कुणाला त्याहून जास्त काळ, डोळे खुपतात. आधीच कोरडे असलेले डोळे, संधिवातासारखे आजार, मुरुमांवरच्या काही गोळ्या यांची चौकशी इथून आली.

रात्रीच्या दिव्यांभोवती वलयं दिसण्याची तक्रार त्याहून जुनी. सुरुवातीच्या लेसरने घासलेला भाग चार-पाच मिलिमीटरच असे. अंधारात बाहुली त्याहून मोठी होई आणि कडेवरून आलेला प्रकाश फुटे. भाग रुंद झाल्यावर त्रास कमी झाला, संपला नाही. लॅसिकने समाधानी असलेल्यांचं प्रमाण २००९ च्या एका मोठ्या आढाव्यात ९५.४ टक्के निघालं होतं, आणि ते खोटं नाही. पण २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनापुढे उरलेल्यांपैकी काहींनी आपली दुःखं मांडली आणि त्यातून नवा अभ्यास झाला. २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. आधी वलयं, चकाकी, दुहेरी प्रतिमा यांपैकी काहीही नसलेल्या लोकांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिकांना तीन महिन्यांनी त्यातलं एखादं तरी नव्याने जाणवत होतं. बहुतेकांना ते फारसं छळत नव्हतं. तरी रात्रीचा ट्रक चालवणाऱ्या माणसाला हा आकडा शस्त्रक्रियेआधी कुणीतरी सांगायला हवा.

लॅसिकचं पान कापणाऱ्या सुरीच्या जागी आता दुसरा लेसर आला आहे. त्याची सुरुवातही प्रयोगशाळेतल्या एका अपघाताने झाली. मिशिगन विद्यापीठात १९९३ मध्ये अतिलघु स्पंदांच्या लेसरचा किरण एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात गेला. तपासणाऱ्या तरुण डॉक्टरला आत विलक्षण नेटक्या, वर्तुळाकार जखमा दिसल्या. त्याच फेम्टोसेकंद लेसरने आज पान कापलं जातं. स्माइल या जर्मनीतून आलेल्या पद्धतीत तर पानच नसतं. कॉर्नियाच्या आतल्या आत एक पातळ भिंगाकार तुकडा कापून छोट्या छिद्रातून ओढून काढतात. या लेसरमागच्या तंत्रासाठी जेरार मुरू आणि डोना स्ट्रिकलंड यांना २०१८ चं नोबेल मिळालं. कॉर्निया फारच पातळ असेल तर डोळ्याच्या आत बाहुलीमागे लेन्स बसवतात. अशी लेन्स १९८६ मध्ये पहिल्यांदा पुढे आणली ती मॉस्कोच्या फ्योदोरोवनीच.

कुठलाही लेसर चाळिशी रोखत नाही. आतलं भिंग चाळिशीत कडक होतंच. उणे दोन नंबराचा बेचाळिशीतला माणूस चष्मा काढून सकाळचं वर्तमानपत्र आरामात वाचतो. लेसरनंतर त्याला लांबचं दिसेल, पण वर्तमानपत्रासाठी चष्मा शोधावा लागेल. डोळ्याची लांबीही तशीच राहते. मोठ्या मायनस नंबरच्या लांब डोळ्यात मागचा पडदा ताणलेला असतो, त्याला भोकं पडण्याचा धोका नंबर गेला तरी जात नाही. बाहुली मोठी करणारे ते थेंब हा पडदा कडेपर्यंत पाहण्यासाठी घालतात, आणि ही तपासणी पुढेही चालू ठेवावी लागते.

शस्त्रक्रियेच्या दिवशी काजळ, पावडर, अत्तर लावून येऊ नका असं बजावतात; अत्तरातल्या अल्कोहोलच्या वाफा लेसरच्या कामात अडथळा आणतात. लेसर चालतो तो एका मिनिटाच्या आतबाहेर. केस जळल्यासारखा वास येतो. मग पारदर्शक झाकणं लावून, डोळे चोळायचे नाहीत अशी ताकीद देऊन घरी पाठवतात. निघताना हातात एक कागद पडतो. त्यावर आधीची वक्रता, आधीची जाडी, किती नंबर काढला, किती मायक्रॉन घासले हे लिहिलेलं असतं. पंचविशीतल्या मुलीला त्याचं काही वाटत नाही. साठीत मोतीबिंदू झाल्यावर आत किती नंबरची लेन्स बसवायची हे नेहमीच्या सूत्रांनी काढलं तर घासलेल्या कॉर्नियावर ती सूत्रं चुकतात आणि ऑपरेशननंतर अनपेक्षित प्लस नंबर उरतो. त्या दिवशीच्या सर्जनला हाच कागद हवा असेल, आणि तोपर्यंत तो घराच्या सातबाऱ्याशेजारी ठेवलेला बरा.